पाच जुलैची सकाळ

४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरचा लेक टाहो हा तलाव सहलीला आलेल्या कुटुंबांनी गजबजून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंसेवक पिशव्या घेऊन किनाऱ्यावर उतरतात. २०२३ साली त्यांनी ८,५५९ पौंड, म्हणजे जवळजवळ ३,९०० किलो कचरा उचलला. हे सारे टाकणारे कोण? त्या निळ्या पाण्याचे कौतुक करायला आलेलेच! बहुतेक कचरा झेफिर शोल्स या एकाच किनाऱ्यावरचा होता. झाडूपेक्षा बंदोबस्ताचा मला जास्त भरवसा वाटतो, तो यामुळेच : पुढच्या वर्षी तिथे पार्किंगला शिस्त लावली, कचराकुंड्यांची सोय केली, देखरेखीला माणसे ठेवली. ५ जुलैला स्वयंसेवक आले, तेव्हा पिशव्या बऱ्याच हलक्या भरल्या.