पोहे, पाहुणे आणि चष्मा

‘मुलगी छान आहे हो, पण चष्मा आहे!’ लग्नाच्या बोलण्यांत हे वाक्य मी आजही ऐकते. मग घाईघाईने लेसरची तारीख ठरते. लेसरला माझा विरोध नाही. मुहूर्त पाहून डोळ्यांचा निर्णय घेण्याला आहे.

लेसर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, नवा आकार देतो. त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत, नंबर किमान वर्षभर स्थिर हवा आणि कॉर्निया पुरेसा जाड हवा. डॉक्टर ‘नको’ म्हणाले, तर ते ऐकावे. शिवाय मोठा उणे नंबर गेला, तरी लांबट झालेला डोळा तसाच राहतो. आतले दृष्टिपटल फाटण्याचा धोका टळत नाही. तपासणी पुढेही हवीच. आणि चाळिशीचा चष्मा कोणाला चुकला आहे?

कॉन्टॅक्ट लेन्सही चांगल्या. पण त्या नळाच्या पाण्याने धुवायच्या नाहीत, लावून झोपायचे नाही. एवढी शिस्त जमणार नसेल, तर साधा चष्माच बरा.

निवड मात्र मुलीची असू द्या. पोहे खाऊन पाहुणे निघून जातील. डोळे तिला जन्मभर पुरवायचे आहेत.