शाळेच्या कपाटातील पारा

जो धोका धूर सोडतो, आवाज करतो किंवा नाकाला झोंबतो, त्याच्याविषयी समाज लवकर सावध होतो. लोणी काळभोरच्या नागरिकांना हे वेगळे सांगावयास नको. त्यांच्या शिवारालगत इंधनाचे मोठमोठे साठे आहेत; टँकरांच्या रांगा ते रोज पाहतात, आणि तेथे काडी ओढू नये हे लहान मुलालाही कळते. परंतु त्याच गावच्या, किंबहुना पुणे शहरातील आणि जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या वरच्या फळीवर, एखादी जाड काचेची बाटली वर्षानुवर्षे पडून असण्याचा संभव असतो. तिला वास नाही, तिच्यातून धूर निघत नाही, आणि तिच्यात जे आहे ते चांदीसारखे सुंदर दिसते. ते सुंदर दिसते हीच खरी आपत्ती आहे. आज आम्ही त्या बाटलीविषयी, आणि घरोघरच्या औषधाच्या डब्यात पडलेल्या तिच्या धाकट्या भावंडाविषयी, म्हणजे काचेच्या थर्मामीटरविषयी, लिहीत आहोत.

पारा हा नेहमीच्या उष्णतामानात द्रवरूप राहणारा धातू. पाण्याच्या साडेतेरा पटींहून अधिक जड असल्यामुळे अर्ध्या लिटरची बाटली उचलताना पावणेसात किलोंचा भार हाताला जाणवतो. जमिनीवर सांडला की त्याचे शेकडो मणी होतात. बोट लावले की ते पळतात, दोन मणी भेटले की एक होतात. मुलांना याहून मोहक खेळणे कोणते? आम्ही स्वतः काही वर्षे खडू-फळ्याची चाकरी केलेली आहे. हवेचा दाब शिकविताना वर्गात पाऱ्याची नळी उलटी केली की शेवटच्या बाकावरचे पोरही उठून उभे राहते, हे आम्हांस ठाऊक आहे. तो थेंब तळहातावर घेऊन पाहण्याची चाल आमच्या पिढीने कित्येक वर्गांत पाहिलेली आहे. त्यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. पाऱ्याचा अपाय कोणत्या वाटेने होतो, याविषयीची समजूत मात्र अपुरी होती.

ती वाट तोंडाची नाही, बहुतांशी त्वचेचीही नाही. ती श्वासाची आहे. थर्मामीटर तोंडात फुटून पाऱ्याचा थेंब पोटात गेला, तर घरात आकांत होतो. वास्तविक असा द्रव पारा आतड्यांतून जवळजवळ शोषला जात नाही, आणि डॉक्टरला दाखवावयाचे ते मुख्यतः काचेच्या तुकड्यांसाठी. उलट तोच पारा फरशीच्या भेगेत गेला, तर घरातले सर्वजण निश्चिंत होतात, आणि खरा धोका तेथूनच सुरू होतो. पारा उघड्यावर हळूहळू वाफ होऊन हवेत मिसळतो. त्या वाफेला रंग नाही, गंध नाही. श्वासावाटे आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे ऐंशी टक्के पारा शरीरात राहतो आणि रक्तावाटे मेंदूपर्यंत व मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो.

हिशेब सोपा आहे. दीर्घकाळच्या श्वसनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा एका घनमीटर हवेत एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहालाखावा भाग, इतकी आहे. दहा फूट लांब, रुंद व उंच अशा खोलीत सुमारे अठ्ठावीस घनमीटर हवा मावते. एका थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. तो सगळा एकदम उडून जात नाही, आणि खिडक्या उघड्या असतील तर वाफ बाहेरही जाते. म्हणून एक थर्मामीटर फुटला की घर सोडून पळावे असे नाही. परंतु भेगेत राहून गेलेला पारा बंद खोलीत दिवसचे दिवस झिरपत राहिला, तर ती मर्यादा ओलांडावयास फारसे काही लागत नाही. डॉक्टरांच्या जुन्या रक्तदाबमापकात तर थर्मामीटरच्या कितीतरी दहापट पारा असतो, आणि प्रयोगशाळेतल्या बाटलीची गोष्टच निराळी.

याचा पहिला बळी मूल असते. ते जमिनीलगत खेळते, मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेते, आणि त्याचा मेंदू अजून घडत असतो. हाताला कंप, चिडखोरपणा, निद्रानाश, हिरड्यांची सूज, अभ्यासातले दुर्लक्ष ही लक्षणे पाहून कोणता पालक पाऱ्याची शंका घेईल? ‘हल्ली पोर हट्टी झाले आहे’ एवढेच तो म्हणेल. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्य देशांत बाळांचे हातपाय गुलाबी होऊन सुजत, ती वेदनांनी तळमळत, आणि वैद्यांना कारण सापडत नसे. अखेरीस ते दात येताना दिल्या जाणाऱ्या पारदयुक्त चूर्णात सापडले. ती चूर्णे बाजारातून गेली आणि तो विकारही जवळजवळ नाहीसा झाला.

शाळेत पारा सांडला म्हणजे काय होते, याची उदाहरणे जगाने पाहिलेली आहेत. २००३ साली अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनच्या बालू हायस्कूलमध्ये, एका विद्यार्थ्याने प्रयोगशाळेतला पारा बाहेर नेला. तो मित्रांत वाटला गेला. बुटांबरोबर, कपड्यांबरोबर बसमध्ये आणि घरांत पोहोचला. शाळा महिनाभर बंद ठेवावी लागली. २००६ साली फिलिपाईन्समधील पारान्याके येथील सेंट अँड्र्यूज शाळेत मुले सुमारे पन्नास ग्रॅम पाऱ्याशी खेळली, आणि ती शाळा कित्येक महिने उघडू शकली नाही. आपल्या देशात कोडाईकनालचा धडा आहे. तेथे थर्मामीटर बनविण्याचा कारखाना १९८३ साली अमेरिकेतून उचलून आणून उभारण्यात आला. पुढे तो मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या हिंदुस्तान लिव्हरकडे आला. पाऱ्याने माखलेली काच भंगारात गेल्याचे उघडकीस आल्यावर २००१ साली तो बंद पडला. ५९१ माजी कामगारांशी समझोता व्हावयास मात्र २०१६ साल उजाडले.

या सर्वांतून आम्हांस एक गोष्ट प्रकर्षाने दिसते. पाऱ्याच्या अपघातात सांडलेल्या थेंबापेक्षा त्यानंतरची आपली वागणूक अधिक घातक ठरते. आपण प्रथम काय करतो? केरसुणी घेतो. केरसुणी एका मण्याचे शंभर मणी करते आणि स्वतः पाऱ्याने माखून दुसऱ्या खोलीत जाते. व्हॅक्यूम क्लीनर तर ती वाफ घरभर फुंकतो. दुसरी गोष्ट, आपण रागावतो. थर्मामीटर फोडला म्हणून ज्या घरात धपाटा मिळतो, आणि नळी फुटली म्हणून ज्या शाळेत दंड होतो, तेथले मूल दुसऱ्या खेपेस पारा पलंगाखाली किंवा बाकाखाली लोटून गप्प बसते. मग महिनोन्महिने त्या खोलीत कोण काय श्वासावाटे घेत आहे, हे कोणालाच कळत नाही. शिक्षेच्या भीतीने लपविलेला पारा हा सर्वांत वाईट पारा होय. काचेच्या तुकड्याची किंमत मुलाच्या प्रकृतीपेक्षा मोठी नाही, हे शिक्षकांनी व पालकांनी बोलून दाखविले पाहिजे.

मग करावे काय? मुलांना व गर्भवती स्त्रियांना खोलीबाहेर काढावे, आतला दरवाजा लावून बाहेरच्या खिडक्या उघडाव्यात, पंखा बंद करावा. हातातल्या अंगठ्या व बांगड्या उतरवाव्यात, कारण सोन्याला पारा चिकटतो. रबरी हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने मणी हलकेच एकत्र लोटावेत, ड्रॉपरने उचलावेत, बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत. विजेरीचा झोत तिरका धरला की राहून गेलेले मणी चमकतात. भेगांत गंधकाची पूड टाकावी. जमा झालेला पारा झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत थोड्या पाण्याखाली ठेवून वर चिठ्ठी लावावी. पाऱ्याने माखलेले कपडे धुवावयास टाकू नयेत. वेगळ्या पिशवीत बांधावेत. खोली निदान दिवसभर उघडी ठेवावी. आणि सांडलेला पारा थर्मामीटरहून अधिक असेल, तर हे काहीही न करता खोली बंद करून जाणत्या माणसाला बोलवावे.

तो बेसिनात मात्र कदापि ओतू नये. लोणी काळभोरहून मुळा-मुठा वाहते, ती भीमेला मिळते, आणि भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात साठते. पाण्याच्या तळाशी सूक्ष्म जंतू पाऱ्याचे अधिक विषारी रूप तयार करतात, ते माशांत साठत जाते, आणि मासा ताटात येतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेला भयंकर रोग अशाच विषारी पाऱ्याचा होता; तेथे तो कारखान्याच्या सांडपाण्यातून खाडीत गेला होता. जाता जाता गृहिणींनाही एक विनंती. धान्याला कीड लागू नये म्हणून डब्यात पाऱ्याच्या टिकड्या ठेवण्याची चाल महाराष्ट्रातील पुष्कळ घरांना परिचित आहे. धान्याचा डबा ही पाऱ्याची जागा नव्हे. कडक ऊन आणि कडुलिंबाचा पाला ही जुनी, निर्धोक युक्ती आपल्या आज्यांना ठाऊक होती.

आता कायद्याविषयी. मिनामाताच्याच नावाने झालेल्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २०१४ साली सही केली आणि २०१८ साली त्यास मान्यता दिली. त्यानुसार पाऱ्याचे थर्मामीटर व रक्तदाबमापक यांची निर्मिती आणि आयात-निर्यात २०२० नंतर थांबावयाची होती. भारताने २०२५ पर्यंतची सवलत घेतली होती. हे योग्यच झाले. परंतु हा निर्बंध नव्या मालावर आहे. कपाटात आधीच असलेला पारा त्याने बाहेर निघत नाही.

तो बाहेर का निघत नाही, हे ज्याने शाळेत नोकरी केली आहे त्यास विचारावे. प्रयोगशाळेतील प्रत्येक वस्तू डेडस्टॉकच्या नोंदवहीत चढलेली असते. वायुभारमापक मोडका असला तरी निर्लेखनाच्या मंजुरीवाचून तो हलविता येत नाही. मंजुरीसाठी कागद पाठवावा, तर उत्तर येईपर्यंत मुख्याध्यापक निवृत्त होतात. म्हणून नवा शिक्षक जुन्या कुलपाला हात लावीत नाही. शिवाय पारा काढला तरी द्यावयाचा कोणाला? घनकचऱ्याविषयीच्या २०१६ सालच्या केंद्रीय नियमांनी फुटलेल्या थर्मामीटरला व सीएफएल दिव्यांना घरगुती घातक कचरा म्हटले होते, आणि दर वीस चौरस किलोमीटरांमागे त्यासाठी एक संकलन केंद्र असावे असे स्थानिक संस्थांना बजावले होते. आपले केंद्र कोठे आहे, हे किती वाचकांना सांगता येईल? जिल्ह्यात रांजणगावला घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारी व्यवस्था आहे. वाण आहे ती शाळेच्या कपाटापासून तेथवरच्या वाटेची.

ती वाट बांधणे मुळीच अवघड नाही. शिक्षण आयुक्तांची कचेरी पुण्यातच आहे. पारद उपकरणांच्या निर्लेखनाचे अधिकार एका परिपत्रकाने मुख्याध्यापकांना द्यावेत. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी प्रत्येक शाळेकडून पाऱ्याची यादी मागवावी, आणि ती देणाऱ्या शाळेस दोष लावू नये. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक दिवस ठरवून केंद्रशाळांतून तो गोळा करावा. स्थानिक संस्थांनी घरगुती थर्मामीटरसाठी दवाखान्यात किंवा औषधांच्या दुकानात एक पेटी ठेवावी. यास फार मोठा निधी लागत नाही. लागते ती कुणीतरी पहिला कागद हलविण्याची इच्छा.

पाऱ्याने विज्ञानाची सेवा केलेली आहे, हे आम्ही विसरत नाही. हवेचे वजन त्याने दाखविले, तापाचे अंश त्याने मोजले, वेधशाळांतून त्याने वादळाची चाहूल दिली. पण आज तीच कामे पाऱ्यावाचूनची साधने करतात. ज्या सेवकाचे काम संपले आहे, त्यास सन्मानाने निरोप द्यावा. मुलांच्या वर्गात विसरून ठेवू नये. लोणी काळभोरच्या आणि पुण्याच्या शाळांनी या कामी पहिले पाऊल टाकावे, आणि ते पुढच्या सत्राची घंटा होण्यापूर्वी टाकावे.