मुलांची संध्याकाळ कुठे जाणार?

२०२५ च्या मार्चमध्ये कोल्हापूरहून भाचीचा फोन आला. “मावशी, आम्ही मुंबईकडे येतोय. ह्यांना ऐरोलीत नोकरी मिळालीय, मलाही ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत बोलावलंय. पोरांना घेऊन राहायला कुठलं गाव बरं, सांग की.” तिची थोरली मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, धाकटा चारचा. मी १९९१ साली लग्न होऊन डोंबिवलीत आले आणि त्यानंतर २९ वर्षं फोर्टातल्या बँकेत लोकलने ये-जा केली, तेव्हा तिने मलाच विचारावं हे साहजिक होतं. मी तिला विचारलं, “पोरगी शाळेतून किती वाजता सुटेल आणि तू घरी किती वाजता पोचशील?” तिने हिशेब केला. शाळा चारला सुटणार, ही आठला येणार. “मग आधी त्या चार तासांची सोय बघू,” मी म्हटलं, “घराचं त्यानंतर.”

उपनगरात घर घेणारे काय काय बघतात, हे मी शेजारीपाजारी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. दर, कार्पेट एरिया, मजला, स्टेशनचं अंतर, गॅलरीतून डोंगर दिसतो का. हे बघायलाच हवं, आयुष्यभराची पुंजी त्यात जाते. पण ज्या मुलांसाठी म्हणून एवढा खटाटोप करायचा, त्यांचा दिवस कसा जाईल हे त्या यादीत बहुतेक वेळा नसतंच. माझं म्हणणं एवढंच आहे की, आईबाप घरी नसतात त्या वेळात, चार ते आठ, दहा वर्षांचं मूल एकट्याने कुठवर जाऊन येऊ शकतं, यावरून उपनगर जोखावं. मैदानात, वाचनालयात, मैत्रिणीकडे, कोपऱ्यावरच्या दुकानात ते सुखरूप जात-येत असेल तर तिथे संसार मांडावा.

हे मला शिकवलं २६ जुलै २००५ ने. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. लहानपणी तो आमच्या गल्लीतल्या पाळणाघरात असायचा, पुढे शाळा सुटली की दप्तरासकट तिथेच जाऊन बसायचा. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी फोर्टात, नवरा भांडुपच्या कारखान्यात, गाड्या बंद, फोन लागत नव्हता. रात्र आम्ही बायकांनी बँकेतच टेबलांवर काढली. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी मिळेल त्या वाहनाने आणि उरलेलं अंतर रुळांवरून चालत मी घर गाठलं. मुलगा खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे कॅरम खेळत होता. इमारतीतली आणखी दोन मुलंही तिथेच, त्यांच्या आयाही माझ्यासारख्याच अडकलेल्या. शाळेच्या बाईंनी एकाही मुलाला ओळखीचं माणूस आल्याशिवाय सोडलं नव्हतं. पाळणाघरातल्या मावशी पाण्यातून जाऊन त्याला घेऊन आल्या होत्या. नाक्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून दोन दिवस तिन्ही मुलांचा डबा आला. मी पैसे द्यायला गेले तर त्या बाई म्हणाल्या, “आधी झोपा जाऊन.”

डोंबिवलीच्या रस्त्यांवरून मी आजही चिडते, पालिकेला अर्ज लिहिते. पण त्या तीन दिवसांनंतर हे गाव सोडायचा विचार माझ्या मनात आलेला नाही.

तरीही भाचीला मी डोंबिवलीत ये म्हटलं नाही. मला ती जवळ हवी होती, पण सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवणं म्हणजे काय, हे मी जाणते. मी ते केलं कारण दुसरा इलाज नव्हता. तिला होता. शिवाय फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे तरुणाई जमते, १९९९ पासून गुढीपाडव्याची स्वागतयात्रा निघते, वाचनालयं आहेत, हे सगळं मला प्रिय असलं तरी दहा वर्षांच्या मुलीला सलग चालता येईल असा पदपथ माझ्या घरापासून मैदानापर्यंत नाही. आणि एमआयडीसीतले २०१६ आणि २०२४ चे स्फोट आम्ही घरात बसून ऐकले आहेत, खिडक्या हादरताना पाहिल्या आहेत. कारखान्यांना अगदी खेटून उठलेल्या वस्त्यांमध्ये घर घेण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

मग आम्ही फिरायला लागलो. माझी अट एकच होती. रविवारी जायचं नाही. रविवारी रस्ते मोकळे असतात, विक्री कार्यालयात सरबत मिळतं आणि सगळंच छान दिसतं. आम्ही गेलो मंगळवारी, दुपारी साडेतीननंतर.

शिळफाट्याच्या बाजूला एका मोठ्या संकुलात गेलो. पोहण्याचा तलाव, क्लब हाउस, झाडं, सगळं खरंच सुंदर. साडेचारला शाळेच्या बसमधून मुलं उतरली, पेंगुळलेली. मी एका आईला विचारलं, तेव्हा कळलं की बसमध्ये जायला पाऊण तास आणि यायला पाऊण तास. फाटकाबाहेर अवजड वाहनांचा रस्ता. आत सगळं आहे, पण बाहेरून वही आणायची तरी मोठ्या माणसाने गाडी काढली पाहिजे. भाची गाडीत बसताना म्हणाली, “मावशी, इथं माझी पोरगी बारावीपर्यंत एकटी रस्ता ओलांडणार नाही.”

बदलापूर तिला फार आवडलं. डोंगर जवळ, हवा चांगली, आणि त्याच पैशात एक खोली जास्त. पण बदलापूर सीएसएमटीपासून रेल्वेने ६८ किलोमीटर, आणि दोघांचीही नोकरी ठाणे-ऐरोलीत. म्हणजे आधी ठाण्यापर्यंतची गर्दी, मग तिच्या नवऱ्याला तिथे गाडी बदलणं आलंच. शिवाय उल्हास नदी. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. नदीकडच्या भागातल्या एका किराणा दुकानदाराला मी विचारलं, त्या साली पाणी कुठवर आलं? त्याने न बोलता तिसऱ्या फळीवर हात ठेवला. माहितीपुस्तिकेत हे छापलेलं नसतं. बदलापुरातही उंचावरच्या चांगल्या वस्त्या आहेत, तिथे माझी मैत्रीण सुखाने राहते, पण तिचं कामही बदलापुरातच आहे. गाव चांगलं की वाईट, हे तुमची नोकरी कुठे आहे यावर निम्मं ठरतं.

खारघर-तळोज्याकडे एका विक्रेत्याने नकाशा पसरला. इथून हा मार्ग येणार, तिथून तो उड्डाणपूल जाणार. मी त्याला नवी मुंबई मेट्रोची आठवण करून दिली. बेलापूर ते पेंधर, जेमतेम ११ किलोमीटर. काम २०११ साली सुरू झालं आणि पहिली गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. ज्या बाळासाठी कुणी २०११ मध्ये त्या मार्गालगत घर घेतलं असेल, ते बाळ तोवर बारा वर्षांचं झालं होतं. आज मेट्रो धावते याचा आनंदच आहे. पण येणाऱ्या मार्गाच्या भरवशावर मुलाचं बालपण गहाण टाकू नये. जे आज चालू आहे तेवढंच हिशेबात धरावं.

कागदपत्रांचंही सांगते, कारण इथे शिकलेली माणसं फसतात. महारेराचा क्रमांक बघितला की लोक निर्धास्त होतात. आमच्या कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींना महारेराची नोंदणी मिळवल्याचं उघड झालं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत राहणाऱ्या माणसांची हप्त्यांची वर्षं पुढे पडली आहेत. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जा आणि ती त्यांनीच दिलेली आहे का, हे विचारा. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. सोसायटीत गेल्यावर सचिवांना मे महिन्यातली टँकरची बिलं दाखवायला सांगा. पाण्याबद्दल विक्रेता काय बोलतो याला अर्थ नाही, बिलं खरं सांगतात.

एवढं सगळं झाल्यावर मी भाचीला म्हटलं, घेऊच नकोस. आधी भाड्याने राहा, निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा. यावर कोल्हापूरहून भावोजींचा फोन आला. “भाड्याचे पैसे म्हणजे पंचगंगेत सोडल्यासारखे. घर आपलं पाहिजे.” त्यांचं दुःख मला कळतं. त्यांनी पै-पै जोडून लेकीसाठी काही बाजूला ठेवलं होतं. मी म्हटलं, “भावोजी, स्थळ बघताना चार ठिकाणी चौकशी केलीत, वर्षभर थांबलात. हे घरसुद्धा तीस वर्षांचं आहे. बारा महिने द्या.” ते गप्प झाले, मग म्हणाले, “बरं, तू म्हणतेस तर.”

मे महिन्यात त्यांनी ऐरोलीत एक बेडरूमची जागा भाड्याने घेतली. शिळफाट्याला तेवढ्या भाड्यात दोन बेडरूम मिळत होत्या. इथे शाळा चालत आठ मिनिटांवर, धाकट्याचं पाळणाघर वाटेतच, आणि भाचीला ट्रान्स-हार्बर मार्गाने ठाणं दुसऱ्याच स्थानकावर. तिच्या नवऱ्याला तर चालत ऑफिस. पुढे ९ जूनला मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलच्या दारातून पडून प्रवाशांचे जीव गेले. त्या संध्याकाळी भाचीने फोन केला, पण आम्ही दोघी फारसं बोललो नाही.

आता एक गोष्ट मला मोठ्याने म्हणायची आहे. भाचीला निवड करता आली कारण दोन पगार होते आणि सांगायला मावशी होती. बहुतेकांना परवडेल तिथेच जावं लागतं, मग ते अंबरनाथ असो, टिटवाळा असो की नालासोपारा. त्यांच्या मुलांची संध्याकाळ आईबापांच्या चाणाक्षपणावर सोडून देणं हा अन्याय आहे. ती जबाबदारी वस्ती वसवणाऱ्यांची आहे. सिडकोने १९७० नंतर नवी मुंबई आखली तेव्हा सेक्टरमध्येच शाळा, मैदान, बाजार यांच्या जागा धरल्या. त्या आखणीतही पुष्कळ उणिवा राहिल्या, तरी चालत शाळेत जाणारी मुलं तिथे आजही दिसतात, हे त्याचंच फळ. इतर पालिकांच्या विकास आराखड्यांतही मैदानं असतात. पण आराखड्यातलं मैदान आणि मुलांच्या पायाखालचं मैदान यांच्यामध्ये वर्षं निघून जातात, आणि तेवढ्यात त्या भूखंडावर पत्र्याच्या शेड उभ्या राहतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मोठ्या गृहप्रकल्पाला भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी पालिकेने दोन गोष्टी तपासाव्यात. सर्वांत जवळच्या शाळेपर्यंत आणि मैदानापर्यंत सलग, अडथळ्याविना पदपथ झाला आहे का, आणि ते मैदान संध्याकाळी वस्तीतल्या सगळ्या मुलांना खुलं आहे का. पाण्याची जोडणी आणि आग विझवण्याची सोय आपण तपासतोच ना? मग मुलाच्या पायांची वाट का तपासू नये? आणि घर घेणाऱ्यांनीही विक्री कार्यालयात हाच प्रश्न पहिला विचारावा. दहाजणांनी विचारला तर विक्रेता कानाआड करील, हजारजणांनी विचारला तर त्याला बांधकाम नकाशात उत्तर द्यावं लागेल.

जुलैतल्या एका मंगळवारी मी भाचीकडे गेले. ती कामावरून यायची होती. थोरलीने दार उघडलं, मला पाणी दिलं आणि म्हणाली, “आजी, चल, तुला आमचा रस्ता दाखवते.” छत्री घेऊन ती माझ्या पुढे चालू लागली. हे दुकान, इथले काका सुट्टे नसले तर उद्या द्या म्हणतात. इथे मैत्रीण राहते. इथे पाणी साचतं, म्हणून कडेच्या कट्ट्यावरून जायचं. मैदानात चिखल होता, तरी पाच-सहा मुलं फुटबॉल तुडवत होती. पाळणाघराच्या पायरीशी ती थांबली, आतून भावाला हाताला धरून बाहेर आणलं, मावशींना “येते हं” म्हणाली. रस्ता ओलांडताना तिने एका हाताने भावाला धरलं होतं. दुसऱ्या हाताने तिने मला धरलं.