ओकायामाची बाग आणि आपला शनिवारवाडा

सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान दाखवताना पुणेकर पाहुण्याला हटकून सांगतो, "ही जपानी पद्धतीची बाग, बरं का!" ते खरेच आहे. सुमारे दहा एकरांची ही बाग ओकायामा शहरातील कोराकुएन या तीनशे वर्षांच्या उद्यानाच्या धर्तीवर आखली आहे. कालव्याचे पाणी तीतून खेळवले आहे. मी तेथे अनेकदा गेलो आहे आणि दर वेळी मनात येते की, मूळ बागेचा अर्धा जीव आपल्याकडे आलेलाच नाही. तो जीव म्हणजे तिच्या पाठीमागचा किल्ला.

ओकायामात असाही नदीच्या एका तीरावर काळाकभिन्न किल्ला आहे आणि दुसऱ्या तीरावर बाग. उकिता हिदेइए याने तो किल्ला १५९७ मध्ये पुरा केला. रंगामुळे लोक त्याला 'कावळ्याचा किल्ला' म्हणतात. पुढे तेथील संस्थानिक इकेदा त्सुनामासा याने १६८७ मध्ये बागेचे काम सुरू करवले, ते १७०० मध्ये संपले. बागेत हिंडताना झाडांच्या शेंड्यांवरून किल्ला डोकावतो. दूरचे दृश्य असे उसने घेऊन आपल्या बागेत बसवण्याची जपानी उद्यानकलेची रीतच आहे. कोराकुएन म्हणजे 'नंतरच्या सुखाची बाग': प्रजेची काळजी आधी, राजाचे सुख मागाहून, अशा चिनी विचारावरून हे नाव आले. (राज्यकर्त्यांनी बागांना नावे देताना इतका विचार करावा, हेही काही कमी नाही!)

आता मुद्द्याकडे वळतो. २९ जून १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात किल्ल्याचा मुख्य बुरूज जळाला. बागेचीही हानी झाली, त्याआधी १९३४ च्या पुराने तिला झोडपले होतेच. युद्धानंतर बाग जुन्या चित्रांच्या आधारे पूर्ववत झाली. किल्ला १९६६ मध्ये पुन्हा उभा राहिला, पण सिमेंट-काँक्रीटचा. बाहेरून पाहावे तर हुबेहूब, आत मात्र आपल्या काळाची इमारत. यातली बाग मला खरी वाटते, किल्ला वाटत नाही. कारण बागेतले झाड मरायचेच आणि त्याच जागी दुसरे लावायचे, हाच बागेचा धर्म आहे. जळालेल्या तुळईचा धर्म तसा नाही.

हे सारे सांगण्याचे कारण आपला शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० रोजी पाया घातलेला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. उरले ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. 'वाडा पूर्वीसारखा उभारा' अशी मागणी अधूनमधून कानावर येते. मला ती मान्य नाही. विटा-लाकडाचे वरचे मजले नेमके कसे होते, यावर दोन जाणकार एकत्र बसले तर तीन चित्रे निघतील. मग उभे राहील ते नाटकाच्या नेपथ्यासारखे काहीतरी.

पण वाड्यात बाग होती, कारंजी होती, हे मात्र कल्पनेवर सोडावे लागत नाही. सोळा पाकळ्यांच्या कमळाचे हजारी कारंजे आजही जागेवर आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून बांधीव नळाने शहरात पाणी आणले आणि ते या वाड्यातही खेळले. मी पाहिले तेव्हा कारंजे कोरडे होते आणि त्याच्या काठावर बसून मंडळी भेळ खात होती. बाहेरचा पाहुणा तेथे येतो, दिल्ली दरवाज्यापुढे छायाचित्र काढतो, आत जोती पाहून 'एवढंच?' म्हणतो. त्या जोत्यांमध्ये पाणी वाहू लागले, तर हा वाडा राहता होता, हे त्याला न सांगता कळेल.

म्हणून माझे म्हणणे असे, की भिंतींना हात लावू नये, आधी पाणी आणावे. स्मारक संरक्षित असल्याने पुरातत्त्व खात्याची संमती लागेल आणि ती सहज मिळू नये, हेच योग्य. पिण्याचे पाणी यासाठी वापरू नये, शुद्ध केलेले सांडपाणी चालेल. झाडे लावायची ती मोगरा, चाफा, बकुळ अशी आपल्या मातीतली. माझा एक मित्र म्हणतो, "आधी तिथल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या तर उचला!" तेही माळ्याच्याच कामात धरावे. मात्र माळी कायमचा नेमावा, उद्घाटनापुरता नव्हे.