बिली एकटाच घरी परतला

बिली बोस्टनला 'सर' केलं. जून 2025 मध्ये, इंग्लंडच्या राजानं, बिली नव्वदीचा झाल्यावर. रग्बी लीगच्या एकाही खेळाडूला तोवर हा किताब नव्हता. पेपरवाल्यांनी टाळ्या पिटल्या. मी नाही पिटणार.

मुळात हा खेळच मजुरीवरनं वेगळा झाला. उत्तर इंग्लंडातला खाणकामगार, गिरणीकामगार शनिवारी खेळायला गेला की त्याचा रोज बुडायचा. तो भरून द्या म्हटलं तर रग्बीचे शेठ म्हणाले, खेळ हौसेचा, पैसा कसला? हौस कुणाला परवडते ते गोदीत खाडा पडला की मला कळतं. 1895 ला उत्तरेतल्या क्लबांनी वेगळी चूल मांडली.

बिलीही गोदीवस्तीतलाच. कार्डिफचं टायगर बे. बाप सिएरा लिओनचा खलाशी. पोराला कार्डिफच्या क्लबातनं खेळायचं होतं. बोलावणं आलंच नाही. 1953 मध्ये विगननं 3000 पौंड मोजून त्याला उचललं. पुढं विगनसाठी 488 सामने, 478 ट्राय. ट्राय म्हणजे अंगावर येणाऱ्या गड्यांना चुकवत, आडवं करत पळायचं आणि त्यांच्या रेषेपल्याड चेंडू जमिनीला टेकवायचा. 1954 च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर ग्रेट ब्रिटननं नेलेला हा पहिला काळा खेळाडू. वय एकोणीस. 18 सामन्यांत 36 ट्राय ठोकून विक्रम केला.

आणि 1957? वर्ल्डकप ऑस्ट्रेलियात झाला. परतताना संघ दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनी सामने खेळणार होता. तिथं वर्णभेदाचं राज्य. काळ्यानं गोऱ्यांच्या संघात खेळायचं नाही. साधी गोष्ट होती: बिली नाही तर आम्हीपण नाही, एवढं म्हणायचं. संघ आफ्रिकेत उतरला. बिली एकटाच घरी परतला.

कायदा आफ्रिकेतल्या गोऱ्यांचा, कबूल. पण बिलीला बाजूला ठेवणारे हात ब्रिटनचेच होते ना? तिथला कायदाच तसा, आम्ही काय करणार! च्यायला, हे वाक्य आपण पाणवठ्यावर ऐकलंय. गावची रीतच तशी, आम्ही काय करणार. हा 'आम्ही' फार सज्जन असतो. तो दगड मारत नाही. तो नुसता पुढं निघून जातो.

विगननं 2016 मध्ये बिलीचा पुतळा बसवला. कार्डिफनं 2023 मध्ये. हो, त्याच कार्डिफनं. आता किताबही झाला. पण 1957 ला ज्यांनी त्याला वगळलं, त्यांची नावं कुठल्या चौथऱ्यावर कोरलीत?