हिंडू द्या, पण जपून!

“डॉक्टरसाहेब, मुलाला जर्मनीत फ्रायबुर्गला शिकायला पाठवले, पण शनिवार-रविवार आला की हा मित्रांकडे, नाहीतर डोंगरात!” एका पालकांची तक्रार. मी म्हटले, हिंडू द्या. तेथे डिसेंबरात संध्याकाळी साडेचारलाच अंधारू लागते, रविवारी बहुतेक दुकाने बंद. खोलीत एकट्या पडलेल्या मुलाची झोप उडते, भूक मरते, मन खचते. मित्राकडचा वरण-भात हे त्यावरचे औषधच आहे.

काळजी करायची ती उन्हाळ्यातील गोचिडींची. तेथून जवळच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये गवता-झुडपांतील गोचीड चावल्याने मेंदूज्वर होऊ शकतो. त्यावर 3 डोसांची लस आहे. ती जरूर घ्यावी. फिरून आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांमागची जागा तपासावी. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. तेल, रॉकेल लावू नये. पुढील महिनाभरात तेथे लाल चट्टा पसरू लागल्यास तो लाइम रोग असू शकतो. डॉक्टरांना लगेच दाखवावे; वेळीच प्रतिजैविके घेतल्यास तो बरा होतो.

तेव्हा पालकहो, फोनवर “अभ्यास झाला का?” याच्या आधी “या रविवारी कुणाकडे गेला होतास?” असे विचारा. उत्तर “कुठेच नाही” असे वारंवार येऊ लागले, तर मात्र खरी काळजी करा.