विकण्याआधी हक्कदाराला विचारा

सरकारी कारखाना विकायला निघाला की चर्चा होते ती किमतीची. तो उभा आहे ती जमीन कोणाची, हा प्रश्न मागेच राहतो. इंडोनेशियातल्या एका मुस्लिम समाजाने तो पुढे आणला, म्हणून ती हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

पश्चिम सुमात्रात पादांग शहराजवळ सिमेंटचा जुना कारखाना आहे. डचांनी १९१० साली काढलेला; पुढे १९५८ मध्ये इंडोनेशियाने तो ताब्यात घेतला. हा मुलूख मिनांगकाबाऊ मुसलमानांचा. आमचा रिवाज शरीअतवर आणि शरीअत कुरआनवर उभी आहे, असे ते अभिमानाने सांगतात. त्यांच्यात वडिलोपार्जित घर-जमीन आईकडून मुलीकडे जाते आणि कुळाची सामाईक जमीन सहसा विकत नाहीत. आजची पिढी तिची मालक नव्हे, राखणदार.

१९९५ मध्ये हा कारखाना जावा बेटावरच्या सेमेन ग्रेसिक या सरकारी कंपनीखाली गेला. १९९८ च्या आर्थिक संकटात सरकारने त्या कंपनीचे काही शेअर मेक्सिकोच्या सेमेक्सला विकले. पुढे बहुमताचा हिस्साही जाणार असे दिसताच पादांगमध्ये कामगार, पुढारी आणि कुळांचे प्रमुख एक झाले. चुनखडीचा डोंगर आमचा आणि सौदा जकार्तात, ही त्यांची तक्रार. २००१ मध्ये प्रांताच्या विधिमंडळाने कारखाना प्रांताच्या ताब्यात घेतल्याचे जाहीर केले. दक्षिण सुलावेसीत तोनासा सिमेंटसाठीही असाच विरोध झाला. अखेर बहुमताचा हिस्सा विकला गेला नाही आणि २००६ मध्ये सेमेक्सने आपला हिस्सा विकून टाकला.

या लढ्यात सगळेच निःस्वार्थी होते असे आम्ही म्हणणार नाही. ठेके आणि खुर्च्या सांभाळण्याची फिकीर काहींना असणारच. शिवाय कोणी जावाचा किंवा मेक्सिकोचा आहे, एवढ्यावरून तो वाईट ठरत नाही.

मुद्दा अमानतीचा आहे. सरकारी मालमत्ता ही सरकारकडे ठेवलेली जनतेची अमानत. अमानत हक्कदाराला पोहोचवा, अशी कुरआनची ताकीद आहे. म्हणून हिशेब विकणाऱ्यानेही द्यायचा आणि विक्री अडवणाऱ्यानेही. कारखाना वाचला, पण डोंगराखालच्या घरांतल्या मुलांना त्याचा फायदा मिळाला नाही, तर हक्क मिळाला कुठे?

आणि आपल्या घरांचे काय? बहिणीला न विचारता वडिलांची जमीन विकणारे भाऊ आपल्यातही आहेत. जकार्ताला नावे ठेवण्याआधी आपण आपला सातबारा काढून पाहू या.